परदेशी विद्यापीठात इंग्रजीचे टीचिंग असिस्टंट व्हायचं तर

माझ्या पहिल्या तासाला मुख्य शिक्षिका मागच्या बाकावर वही उघडून बसल्या होत्या. तास पन्नास मिनिटांचा. संपल्यावर त्यांनी काही न बोलता वहीतलं एक पान फाडून माझ्या हातात दिलं. त्यावर तीन रकाने होते: मी ३८ मिनिटं, विद्यार्थी ४ मिनिटं, उरलेली ८ मिनिटं कागद वाटण्यात आणि शांततेत. मला तर तास झकास झाल्यासारखा वाटत होता. चार दिवस तयारी केली होती, दोन-तीन विनोदही जमले होते. पण ज्यांना इंग्रजी बोलायला शिकायचं होतं ते वीस जण मिळून चार मिनिटं बोलले, म्हणजे माणशी बारा सेकंद.

या कामाबद्दल पुढे बरंच सांगणार आहे, पण सगळ्याचा गाभा त्या पानावर आहे. विद्यार्थ्यांच्या तोंडून आणि हातून इंग्रजी काढून घ्यायला तुम्हाला नेमलेलं असतं. तुमचं इंग्रजी किती सफाईदार आहे हे त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळतं, त्यानंतर त्याचं कौतुक कुणाला नसतं.

नोकरी नेमकी कसली, ते आधी बघा

'टीचिंग असिस्टंट' या एकाच पाटीखाली तीन निरनिराळी कामं चालतात. पहिलं म्हणजे तुम्ही त्याच विद्यापीठात एमए किंवा पीएचडीला प्रवेश घेता आणि विभाग तुम्हाला असिस्टंटशिप देतो. अमेरिकेत ही पद्धत चांगली रुळलेली आहे. बऱ्याच ठिकाणी फी माफ होते, दरमहा स्टायपेंड मिळतो आणि त्याबदल्यात तुम्ही शिकवता किंवा तपासता. दुसरं म्हणजे भाषा-सहायकाची स्वतंत्र नेमणूक. फ्रान्समधल्या विद्यापीठांत 'लेक्तर' नावाचं पद असतं, ते याच जातीचं. करार सर्वसाधारणपणे एका वर्षाचा, तो एकदा वाढवून मिळतो, आणि मास्टर्सचं किमान पहिलं वर्ष पूर्ण झालेलं असावं लागतं. तिसरं काम रायटिंग सेंटरमधलं: एकेका विद्यार्थ्याशेजारी बसून त्याच्या लेखनावर बोलायचं. यात वर्ग नसतो, पगारही बेताचा असतो, पण शिकायला मिळतं भरपूर.

आता अडचणीची गोष्ट. सरकारी देवाणघेवाणीच्या बऱ्याच योजनांना पासपोर्टची अट असते. अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट योजनेतला 'इंग्लिश टीचिंग असिस्टंट' कार्यक्रम फक्त अमेरिकी नागरिकांसाठी आहे. त्याच फुलब्राइटचा 'फॉरेन लँग्वेज टीचिंग असिस्टंट' कार्यक्रम इतर देशांतल्या तरुण शिक्षकांना अमेरिकेत नेतो, पण तिथे ते आपापली भाषा शिकवतात, इंग्रजी नव्हे. नावं सारखी असल्यामुळे माणसं भलत्याच अर्जावर आठवडे घालवतात. शिवाय जाहिरातीत 'नेटिव्ह स्पीकर हवा' हे वाक्य अजून सर्रास दिसतं. टेसॉल या इंग्रजी शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००६ मध्ये या भेदभावाविरुद्ध अधिकृत भूमिका जाहीर केली, तरी ते गेलेलं नाही. माझा सल्ला साधा आहे. अट त्या देशाच्या व्हिसाच्या नियमातली असेल तर तो अर्ज सोडून द्या, तिथे वाद घालून काही होत नाही. ती नुसती विभागाची आवड असेल, तर शिकवतानाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ जोडून बेधडक अर्ज करा.

अर्ज आणि मुलाखत

सीव्हीत 'उत्कृष्ट संवादकौशल्य' लिहू नका. किती जणांना, कोणत्या पातळीच्या, काय शिकवलं ते लिहा. पातळी सांगायला सीईएफआर वापरा, म्हणजे ए१ ते सी२ या सहा पायऱ्या. युरोप परिषदेने ही चौकट २००१ मध्ये प्रसिद्ध केली आणि आता भाषाशिक्षणात ती जवळजवळ सगळीकडे समजते. 'बी१ पातळीच्या बारा जणांना आठवड्यातून दोनदा शैक्षणिक लेखन' हे एवढंसं वाक्य पानभर विशेषणांना भारी पडतं.

प्रमाणपत्र लागतं का, हे सगळेच विचारतात. केंब्रिजचा सेल्टा अभ्यासक्रम किमान १२० तासांचा असतो आणि त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं, तेही निरीक्षक खोलीत असताना. एमए टेसॉलला, म्हणजे इंग्रजी शिकवण्याच्या एमएला, प्रवेश घेणार असाल तर तो हवाच असं नाही. पण एकदाही वर्गात उभं न करता घरबसल्या हातात पडणारं प्रमाणपत्र की हे, अशी निवड असेल तर पैसे त्या सहा तासांवर घाला.

मुलाखतीत व्याकरणाचा एखादा प्रश्न येतोच. 'आय लॉस्ट माय की' आणि 'आय हॅव लॉस्ट माय की' यांत फरक काय? इथे काळाची व्याख्या म्हणून दाखवणारे खूप असतात. विचारणाऱ्याला व्याख्या पाठ असते. त्याला बघायचं असतं की तुम्ही ती विद्यार्थ्यापर्यंत कशी नेता. 'हॅव लॉस्ट' म्हणणारा माणूस अजून बंद दाराबाहेर उभा आहे, 'लॉस्ट' म्हणणाऱ्याला किल्ली नंतर सापडली असेलही. तेव्हा दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहायची आणि विचारायचं, 'आत्ता किल्ली कुठे आहे?' या एका प्रश्नाच्या उत्तरावरून विद्यार्थ्याला कळलंय की नाही ते दिसतं. नमुना-तास घ्यायला सांगितला तर तोही असाच छोटा ठेवा. पंधरा मिनिटांत एकच गोष्ट, आणि त्यातली निम्मी वेळ समोरच्यांनी बोलायचं.

अमेरिकेत आणखी एक पायरी असते. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या टीचिंग असिस्टंटांची बोलण्याची वेगळी चाचणी अनेक विद्यापीठं घेतात, आणि ती पार पडेपर्यंत कित्येकदा वर्ग न देता नुसतं तपासणीचं काम देतात. हा अपमान समजू नका. चाचणीत उच्चाराइतकंच, गोंधळलेल्या विद्यार्थ्याला तुम्ही तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगू शकता का, हेही बघितलं जातं.

करार आणि कागदपत्रं

हे लवकर उरकते, कारण नियम देशोदेशी वेगळे आहेत आणि शेवटचा शब्द विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाचा असतो. करारात 'आठवड्याला दहा तास' असं असेल तर ते वर्गातले दहा की तयारी आणि तपासणी धरून दहा, हे ईमेलवर लेखी विचारा. एक तास शिकवायला सुरुवातीला दोन तास तरी तयारी लागते, त्यामुळे या एका ओळीने आठवडा तीस तासांचा होऊ शकतो. विद्यार्थी-व्हिसावर असाल तर कामाच्या तासांना मर्यादा असते. अमेरिकेच्या एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास, ब्रिटनमध्ये पदवी पातळीच्या विद्यार्थ्याला सहसा तेवढेच. असिस्टंटशिपच वीस तासांची असेल तर ग्रंथालयातलं दुसरं काम घेता येत नाही, कारण दोन्हींची बेरीज धरतात.

पदवीचं प्रमाणपत्र प्रमाणित करून मागितलं, तर १९६१ च्या हेग करारातल्या देशांमध्ये अपोस्टिल हा एकच शिक्का पुरतो. चीनमध्येही तो नोव्हेंबर २०२३ पासून चालतो, पण सगळ्याच देशांच्या कागदांवर नाही; आपल्या देशाचा चालतो का ते आधी विचारून घ्या. प्रमाणपत्रावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरशः जुळतंय ना, ते शिक्का मारून घेण्याआधी बघा. आणि पहिला पगार हातात पडायला महिना-दीड महिना लागेल असं धरूनच निघा.

सत्राआधीची एक भेट

मुख्य शिक्षकांना पहिल्या तासाआधी अर्धा तास मागून घ्या आणि हक्कांच्या सीमा विचारून घ्या. अंतिम गुण कोण देणार? विद्यार्थ्याने मुदतवाढ मागितली तर मी हो म्हणू शकते का? ठरलेला धडा बदलायची मुभा किती? मी आजारी पडले तर कुणाला कळवायचं? एआय वापरण्याबद्दल या अभ्यासक्रमाचा नियम काय? हे प्रश्न बाळबोध वाटतात, पण असिस्टंटची बहुतेक भांडणं यांतल्याच एखाद्या न विचारलेल्या प्रश्नातून उगवतात. मी एकदा मनानेच एकाला दोन दिवस वाढवून दिले. दुसऱ्या दिवशी सात जण दारात उभे होते, आणि मुख्य शिक्षिकेने त्या सातांपैकी दोघांना आधीच नाही म्हटलेलं होतं.

भेटीत ठरलेलं त्याच संध्याकाळी चार ओळींच्या ईमेलमध्ये लिहून त्यांना पाठवा.

वर्गात

पन्नास मिनिटांची माझी आखणी आता साधारण अशी असते. पहिली पाच मिनिटं जोडीत गप्पा, प्रश्न फळ्यावर आधीच लिहिलेला. मग दहा मिनिटं नवी गोष्ट: एक छोटा उतारा, त्यातली दोन-तीन वाक्यं. त्यानंतर पंचवीस मिनिटं काम, आधी जोडीत, मग चौघांत. शेवटची दहा मिनिटं ऐकलेल्या चुका आणि चांगली वाक्यं. यात माझं सलग बोलणं दहा-बारा मिनिटांवर जात नाही. घड्याळ समोर ठेवते, कारण आपण किती बोललो याचा आपला अंदाज कायम कमी निघतो.

सूचना देणं ही वेगळीच कला आहे. पहिल्या महिन्यात मी वादविवादाचा खेळ सहा लांब वाक्यांत समजावला आणि विचारलं, 'समजलं का?' वीस माना डोलल्या. 'मग सुरू करा' म्हटल्याबरोबर प्रत्येकजण शेजाऱ्याकडे वळला आणि आपल्या भाषेत कुजबुजला. काय करायचंय, हे विचारत होते. पुढच्या आठवड्यात तोच खेळ तीन वाक्यांत सांगितला, वाक्यं आधी कागदावर लिहून आणली होती. मग एका विद्यार्थ्याला पुढे बोलावून दोघांनी करून दाखवला आणि विचारलं, 'पहिल्यांदा कोण बोलणार? किती मिनिटं?' उत्तरं आली आणि खेळ लगेच चालू झाला. कागद मात्र सूचना संपल्यावरच वाटायचे. आधी वाटले की सगळे डोळे कागदात जातात आणि तुमचं बोलणं पंख्याच्या आवाजासारखं मागे पडतं.

'समजलं का?' हा प्रश्न मी आता टाकूनच दिलाय. त्याला 'नाही' म्हणायला जितकं धैर्य लागतं, तितकं परक्या भाषेत कुणाकडे नसतं.

शांतता सहन करायला शिका. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात, असं त्यांना आढळलं. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि जास्त जण तोंड उघडतात. ते वर्ग विज्ञानाचे होते, मुलं आपल्याच भाषेत उत्तरं देत होती. दुसऱ्या भाषेत विद्यार्थ्याला आधी विचार, मग शब्द, मग वाक्याची जुळणी असा प्रवास करायचा असतो. मी पाठीमागे हात घेऊन बोटं मोजते, पाच तरी. पहिल्यांदा ते पाच सेकंद पाच मिनिटांसारखे वाटतात.

तरीही कुणी बोललं नाही, तर प्रश्न पूर्ण वर्गाला विचारण्याऐवजी जोड्यांकडे सोपवा. आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी, मग सगळ्यांसमोर, ही रीत फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली आणि ती म्हातारी झालेली नाही. शेजाऱ्यावर एकदा घासून घेतलेलं वाक्य वर्गात म्हणताना जीभ कमी अडखळते. मुखदुर्बळ विद्यार्थ्याला अचानक नाव घेऊन उठवू नका. तो जोडीत काय बोलतोय ते शेजारून जाताना ऐका आणि हळूच सांगा, 'हे छान आहे, मी नंतर तुला हेच विचारणार आहे.'

चुका कधी आणि कशा सुधारायच्या

नवा असिस्टंट दोन टोकांपैकी एकावर असतो. एक तर प्रत्येक चुकीवर झडप घालतो, नाहीतर मन दुखावेल म्हणून काहीच बोलत नाही. मी तिसराच प्रकार करत होते आणि तो सगळ्यांत फसवा. विद्यार्थी म्हणायचा, 'आय लिव्ह हिअर सिन्स टू इयर्स.' मी हसून म्हणायची, 'ओह, यू हॅव लिव्ड हिअर फॉर टू इयर्स!' तो म्हणायचा, 'येस!' आणि पुढच्या वाक्यात पुन्हा 'सिन्स टू इयर्स'. मी सुधारलं असं मला वाटायचं, आणि मी गप्पा मारतेय असं त्याला. कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांवर रॉय लिस्टर आणि लीला रँटा यांनी १९९७ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही हेच दिसलं. शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी निम्म्याहून जास्त अशा 'बरोबर करून परत म्हणण्याच्या' होत्या, आणि विद्यार्थ्याला स्वतः सुधारायला लावण्यात तीच तऱ्हा सगळ्यांत कमी पडत होती.

मग करायचं काय? काम अचूकतेचं असेल, म्हणजे नुकतीच शिकवलेली रचना वापरायची असेल, तर तिथेच थांबवा आणि सुधारणा त्याच्याकडूनच काढा. 'सिन्स टू इयर्स?' एवढंच प्रश्नार्थक म्हणून थांबलं तरी बरेचदा पुरतं. काम गप्पांचं किंवा वादाचं असेल तर मध्ये बोलू नका. वही घेऊन फिरा, ऐकलेली वाक्यं टिपा, आणि शेवटच्या दहा मिनिटांत सहा वाक्यं नावं न देता फळ्यावर लिहा: चार चुकीची, दोन उत्तम. जोड्यांनी ठरवायचं कोणती कुठली. आपलं वाक्य 'उत्तम'मध्ये दिसल्यावर चेहऱ्यावर जे येतं, त्यासाठी ती दोन वाक्यं कधी गाळायची नाहीत.

तुम्हाला उत्तर येत नाही असा प्रश्न येणारच. 'इथे द (the) का नाही?' हा माझा हमखास शत्रू. ठोकून देऊ नका. 'नक्की सांगता येत नाही, गुरुवारी सांगते' म्हणा, वहीत लिहा आणि गुरुवारी खरंच सांगा. इंग्रजी स्वतः शिकून आलेल्यांना इथे एक फायदा असतो. 'सिन्स' आणि 'फॉर'मध्ये आपण स्वतः कुठे अडकलो होतो ते आठवतं, आणि त्या खड्ड्यातून बाहेर यायची वाटही.

लेखन तपासणं

हिशेब मांडा. पंचवीस निबंध, प्रत्येकी वीस मिनिटं, म्हणजे आठ तास वीस मिनिटं. असे चार गठ्ठे एका सत्रात. प्रत्येक चूक लाल करायला बसलात तर स्वतःचा अभ्यास बुडालाच म्हणून समजा, आणि लालेलाल कागद विद्यार्थी नुसता गुण बघून बॅगेत कोंबतो. मी आशयावर एक नेमकी टीप देते आणि वारंवार येणाऱ्या दोनच प्रकारच्या चुका धरते. त्यातली पहिली एकदा सुधारून दाखवते, पुढच्या नुसत्या अधोरेखित करते. मग दुरुस्त मसुदा मागते. दुसरा मसुदा मागितला नाही तर पहिल्यावर घालवलेला वेळ बहुतेक वाया जातो.

गुण देण्याआधी मुख्य शिक्षक आणि बाकीच्या असिस्टंटसोबत तेच तीन निबंध स्वतंत्रपणे तपासून गुण ताडून बघा. रुब्रिकवरचं, म्हणजे गुण देण्याच्या निकषांच्या तक्त्यावरचं, 'सुसंगत मांडणी' हे प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं असतं. आमच्या पहिल्या बैठकीत एकाच निबंधाला ६१ आणि ७८ पडले होते.

विद्यापीठातलं इंग्रजी म्हणजे काय, याचीही थोडी तयारी हवी. विद्यार्थ्याला सारांश लिहायचा असतो, प्राध्यापकाला ईमेल करायची असते, शोधनिबंधाची प्रस्तावना उभी करायची असते. शब्दांसाठी अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये दिलेली ५७० शब्दकुळांची (एकाच मुळापासून झालेल्या शब्दांच्या गटांची) शैक्षणिक यादी हाताशी ठेवा. प्रस्तावनेसाठी जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये मांडलेल्या तीन चाली शिकवा: विषयाचं महत्त्व दाखवा, आधीच्या संशोधनातली पोकळी दाखवा, ती तुम्ही कशी भरणार ते सांगा. अभियांत्रिकीचा विद्यार्थी आपल्याच विषयाचे दोन लेख आणून त्यात या चाली रंगीत पेनाने शोधतो, तेव्हा तो तास आपोआप चालतो.

निबंध एआयने लिहिल्याचा संशय आला तर आरोप करू नका, तो तुमचा अधिकारही नसतो. एआयचं लेखन ओळखणाऱ्या डिटेक्टरच्या टक्केवारीवर तर मुळीच विसंबू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजी परीक्षेचे निबंध अशा सात डिटेक्टरांना दिले, तेव्हा सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राने लिहिलेले ठरवले गेले. ते सगळे माणसांनी लिहिलेले होते. म्हणजे ज्यांना तुम्ही शिकवता, त्यांच्यावरच ही साधनं सगळ्यांत जास्त चुकतात. निबंध आणि शंका मुख्य शिक्षकांकडे द्या. आधीचे मसुदे मागवा. विद्यार्थ्याशी त्या मजकुरावर दहा मिनिटं बोललं की बरंच उमगतं.

ऑफिस अवर्स (विद्यार्थ्यांनी येऊन भेटायची ठरलेली वेळ) आणि अंतर

तुमचं वय विद्यार्थ्यांच्या आसपासचं असतं, काही जण मोठेही असतात. मैत्री होते, व्हावीही. पण ज्याला गुण द्यायचे त्याच्याशी सत्र संपेपर्यंत पैसे, भेटवस्तू आणि प्रेम यांपैकी कशाचाही व्यवहार नको. वैयक्तिक फोन नंबर देण्याऐवजी विद्यापीठाचा ईमेल द्या आणि उत्तर किती वेळात मिळेल ते पहिल्याच तासाला सांगा. गुणांची यादी नावांसकट कुठे लावू नका, एकाचे गुण दुसऱ्याला सांगू नका. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या नोंदी गुप्त ठेवण्याचा १९७४ चा फर्पा कायदा आणि युरोपात २०१८ पासून जीडीपीआर हा माहिती-संरक्षणाचा कायदा याबाबत कडक आहेत.

'माझा पूर्ण प्रबंध तपासून द्याल का?' ही विनंती दर सत्रात येते. एक पान घ्या, शेजारी बसून त्यातल्या चुका त्यालाच शोधायला लावा, पुढची पानं त्याची त्याला करू द्या. आणि कुणी व्याकरण विचारायला येऊन रडू लागलं, तर ऐकून घ्या, समुपदेशन केंद्राचा पत्ता द्या, हवं तर दारापर्यंत सोबत जा. त्यापुढचं काम त्या लोकांचं.

सत्राच्या मध्यावर आणि शेवटी

चौथ्या-पाचव्या आठवड्यात निनावी चिठ्ठ्या घ्या. दोनच प्रश्न: कशाचा उपयोग होतोय, आणि काय बदलावं. सत्र संपल्यावर भरायच्या फॉर्मचा त्या वर्गाला काही उपयोग नसतो. माझ्या पहिल्या चिठ्ठ्यांत नऊ जणांनी लिहिलं होतं, 'हळू बोला.' तोवर एकानेही तोंडाने सांगितलं नव्हतं. तासाचं निरीक्षण करायला कुणी येणार नसेल तर तुम्हीच बोलवा, आणि त्यांना सांगा की फक्त कोण किती बोललं ते मोजा.

तिथून निघण्याआधीच शिफारसपत्र मागा. सोबत दोन धड्यांच्या आखण्या आणि तुमच्या टिपा असलेला एक निबंध, विद्यार्थ्याचं नाव काढून, द्या. वर्षभराने मागितलेलं पत्र चार गुळमुळीत ओळींचं येतं.

आणि पुढच्या असिस्टंटसाठी एक फाइल ठेवून जा. माझ्या फाइलमध्ये धड्यांपेक्षा इतरच गोष्टी जास्त आहेत. तिसऱ्या आठवड्याची वर्कशीट वीस मिनिटांची दिसते पण पस्तीस घेते. कोपऱ्यातल्या खोलीतल्या प्रोजेक्टरला वेगळी केबल लागते, ती खाली सुरक्षारक्षकाकडून सही करून घ्यावी लागते. वादविवादाला 'मोबाइल चांगला की वाईट' हा विषय देऊ नये, सगळे दोन मिनिटांत एकमत होतात. आणि सगळ्यांत वरती, प्लॅस्टिकच्या पाकिटात, ३८, ४ आणि ८ आकड्यांचं ते फाडलेलं पान.